शंकासुर आणि कमिटीची माणसं

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे शंकासुर म्हणत. हे नाव नक्की कोणी ठेवलं, याचाही त्याला संशय होता.

तो पंपावर असे. बंब आगीजवळ उभा राहिला की पुढे नळी घेऊन धावणाऱ्यांना पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दाब दाखवणाऱ्या काट्यावर त्याचा विश्वास नसे. तो नळीवर तळहात ठेवून बघे आणि मगच काट्याकडे पाही, तेसुद्धा काटा खोटं बोलतोय का ते ताडायला. घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावून जिना उतरला की अर्ध्यावरून परत जाऊन ओढून बघायचा. बायको म्हणायची, "देव जरी दारात उभा राहिला तरी हे आधी ओळखपत्र मागतील."

केंद्रात युनियन होती आणि युनियनची एक कमिटी होती. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं की कमिटीची माणसं तिथे जात. शंकासुराचं त्यांच्याबद्दलचं मत ठाम होतं. "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला मतं देऊन निवडलेली माणसं," तो म्हणायचा. "पाहुणे म्हणून येतात आणि खबर घेऊन जातात."

अशात जुन्या वस्तीतल्या एका इमारतीला आग लागली. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून पंप दुसऱ्याच्या हाती देऊन शंकासुराला वर जावं लागलं. वरच्या मजल्यावर एकटा राहणारा म्हातारा त्या आगीत गेला. खाली येताना लाकडी जिन्याची पायरी निखळली, शंकासुर कोसळला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. वर काय झालं असं विचारलं तर तो एवढंच म्हणे, "जिना कुजका होता."

शस्त्रक्रिया होऊन तो घरी आला, आणि पाठोपाठ कमिटी आली.

आधी आला पैलवान. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, म्हणून लोकांनी त्याला पैलवान करून टाकलं होतं. येताना तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि न्हाणीघराच्या भिंतीला धरायला एक दांडी ठोकून गेला. जाताजाता म्हणाला, "पाय जरा हलवून दाखव की."

शंकासुराने पाय हलवला नाही. पैलवान गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "पाहिलंस? पाय हलतो का ते बघायला आला होता. साहेबांनी पाठवलंय. मी ढोंग करतोय का ते हवंय त्यांना."

"अहो, दांडी ठोकून गेला तो."

"आज दांडी ठोकली, उद्या साक्ष ठोकेल."

त्या दिवसापासून त्याने नेमच केला. दारावरची घंटा वाजली की कुबडी टाकून पलंगावर आडवं व्हायचं आणि चेहरा पाडायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि एरवी तो गॅलरीत येरझाऱ्या घालत असे. एकदा पैलवान आला तेव्हा हा असाच घाईघाईने आडवा झाला, आणि बायको पाण्याचा पेला देता देता कौतुकाने म्हणाली, "आत्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, कुठेही न टेकता." शंकासुराने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिलाही कमिटीने निवडून दिलं होतं.

मग ताई यायला लागल्या. ताई कमिटीच्या सेक्रेटरी. इतकी वर्षं आगीत काढलेल्या की धुराने बसलेला आवाज आता तसाच राहिला होता. त्या आल्या की बायकोला बाजारात पाठवत. "तुम्ही जरा मोकळ्या हवेत जाऊन या, मी बसते इथे." आणि खरोखर नुसत्या बसत. फार बोलत नसत. शंकासुराला ते पैलवानाच्या बडबडीपेक्षा जास्त अवघड जाई. बोलणाऱ्या माणसाचं खोटं पकडता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय पकडणार?

एकदा त्यांनी विचारलं, "झोप लागते का?"

"कुंभकर्णासारखी."

स्वयंपाकघरात बायकोने भांडं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं.

"आणि भूक?"

"तीही कुंभकर्णासारखीच."

ताई हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. त्या गेल्यावर शंकासुर बराच वेळ त्या 'बरं'चा कीस काढत बसला. झोपेचं का विचारलं असेल? पायाला आणि झोपेला काय संबंध? त्याचा हिशेब लगेच जुळला. पायाने अधू म्हणून काढता येत नसेल, तर डोक्याने अधू ठरवायचं आणि पंपावर दुसरा बसवायचा.

खरं म्हणजे त्याला झोप येतच नव्हती. डोळा लागला की तो दचकून उठे आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसे. बायकोला सगळं दिसत होतं. तिने विचारलं की तो म्हणे, "खुबा ठणकतो."

थोडा बरा होऊन तो काठीवर आला तेव्हा बायकोच्या तोंडून त्याला कळलं की कमिटीची माणसं दर रविवारी जुन्या वस्तीत जातात आणि घरोघरी छताला धुराचा अलार्म लावून देतात. हाताच्या पंजाएवढी पांढरी डबी. धूर झाला की कर्कश ओरडते. सुट्टीच्या दिवशी, फुकटात.

"फुकट?" शंकासुर म्हणाला. "फुकट तर कोणी शिव्याही देत नाही. डब्या बनवणाऱ्यांशी साटंलोटं असणार."

"मग जाऊन बघा की," बायको म्हणाली.

तो गेला. काठी टेकत, मधे मधे थांबत, पोचला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टेम्पोमागे उभा राहून पाहू लागला. ही तीच गल्ली होती. जळलेली इमारत पत्रे ठोकून बंद केलेली होती. तिच्याकडे न पाहता त्याने समोर नजर लावली.

कमिटीचं काही खरं नव्हतं. पाच दारं ठोठावावीत तेव्हा एक उघडत होतं. घरमालकाने घरं रिकामी करायला ही माणसं पाठवली आहेत, अशी कोणीतरी आवई उठवली होती. कोणी आतूनच "नको" म्हणे, कोणी दिवे बंद करून गप्प बसे. ते बघून शंकासुराला त्या लोकांबद्दल प्रथमच आदर वाटला.

"आलात? बरं झालं," मागून बसका आवाज आला. ताई मागेच उभ्या होत्या.

"सहज आलो होतो."

"टेम्पोमागे?"

"सावली होती."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, नुसत्या चालू लागल्या. मग त्यालाही मागोमाग जावं लागलं.

जळलेल्या इमारतीच्या समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर पैलवान अडला होता. दार बोटभर उघडं, मधे साखळी, आणि त्या फटीत एका आजीबाईंचा एक डोळा. पैलवान साखर पेरून बोलत होता आणि डोळा जास्तच बारीक होत चालला होता.

"मला काही नको. जा."

शंकासुर जिन्याच्या पायरीवर टेकला. खुबा बोंबलत होता. तिथूनच तो म्हणाला, "उघडू नका, आजी. मीही उघडलं नसतं."

डोळा त्याच्याकडे वळला. "मग आलात कशाला?"

"तेच मी मघापासून यांना विचारतोय."

"तुम्ही यांच्यातले नाही?"

"नोकरी बंबावर. पण यांच्यातला नाही."

आजींना हे काही तरी निराळं वाटलं. त्यांनी विचारलं, "त्या डबीत कॅमेरा नाही कशावरून?"

ही शंका शंकासुराला घरूनच आली होती. तो पैलवानाला म्हणाला, "खोल ती डबी."

"अरे, नवी आहे ती."

"नवी आहे म्हणूनच खोल."

पैलवानाने स्क्रू काढले. शंकासुराने आतले तार-तुकडे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, मग डबी फटीजवळ धरली. आजींनीही पाहिलं. दोघांचं समाधान झालं, म्हणजे त्या दोघांचं जेवढं होऊ शकतं तेवढं.

"डबी बाहेरच्या भिंतीवर लावा," आजी म्हणाल्या. "दार मी उघडत नसते. तीन कड्या आहेत माझ्या. समोर आग लागली तेव्हासुद्धा कोणी दार बडवत होतं, मी उघडलं नाही."

शंकासुर काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसून राहिला. मग बोलला तो आजींशीच, फटीकडे बघत.

"समोरच्यांच्याही तीन कड्या होत्या. मी दारावर होतो. आत आजोबा होते. मी ओरडलो, आग लागलीय, उघडा, मी बंबावरचा आहे. ते आतून म्हणाले, कशावरून?"

पैलवानाने डबीचे स्क्रू मुठीत घट्ट धरले.

"मी कुऱ्हाड मारतच होतो, पण दार जुनं, जाड लाकडाचं. मारताना सांगत होतो आणि ते विचारत होते. मग त्यांनी एक कडी काढली. मला ऐकू आलं. दुसरीही काढतील असं वाटलं, पण नंतर आवाज आला नाही. दार फुटलं तेव्हा उशीर झाला होता." तो थांबला. "आजी, मी आयुष्यभर लोकांना हेच विचारत आलो. कशावरून, कशावरून. आणि त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही."

दार लागलं. झालं, संपलं, असं पैलवानाला वाटलं. पण आतून साखळी सरकल्याचा आवाज आला आणि दार पूर्ण उघडलं.

"एक कडी मी ठेवणारच," आजी म्हणाल्या. "दोन काढीन."

"एक चालेल," शंकासुर म्हणाला.

डबी लागली. खाली उतरल्यावर त्याने ताईंना गाठलं. "हे तुम्ही ठरवून केलंत."

"काय?"

"आधी झोपेचं विचारलंत. मग रविवारचं माझ्या बायकोच्या कानावर घातलंत. मी बघायला येणार हे तुम्हाला माहीत होतं. आणि नेमकी हीच गल्ली."

"पाय सुजलाय तुमचा. बसा जरा," ताई म्हणाल्या. त्यांनी उत्तर दिलं नाही हे शंकासुराने बरोबर टिपलं. ती शंका त्याने पुढे कधीच सोडली नाही.

दोघं कट्ट्यावर बसले. ताई म्हणाल्या, "कमिटीच्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत. त्यांच्याशी बोलता येतं. साहेबांपर्यंत नाव जात नाही."

"कशावरून?"

शब्द तोंडातून निसटला आणि तो स्वतःच थबकला. ताईंनी घाई केली नाही. "मी दोन वर्षं जात होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझं नाव कळलं होतं का?"

"नाही."

"मग त्यावरून."

तो गेला. पहिल्या खेपेला त्याने खुर्ची सरकवून दार समोर दिसेल अशी घेतली, आणि डॉक्टरीणबाईंनाच उलटे प्रश्न विचारले. दुसऱ्या खेपेला कमी विचारले. झोप एकदम आली नाही. आली ती मांजरासारखी, येऊन-जाऊन. पण खिडकीपाशी ओढलेली खुर्ची हळूहळू जेवणाच्या टेबलाशी परत आली.

खुबा काही पहिल्यासारखा झाला नाही. साहेब लोकांनी त्याला घरी बसवायचं ठरवलं होतं. कमिटीने त्यांच्यासमोर ठाण मांडलं, ताईंनी आपल्या बसक्या आवाजात वाद घातला, आणि त्याला नळ्या-शिड्या तपासायचं काम मिळालं. फाटकी नळी त्याच्या हातून सुटणं शक्यच नव्हतं. तरी तो बायकोला म्हणाला, "उपकार करून ठेवताहेत. काही तरी मागणार."

आणि झालंही तसंच. ताई आल्या आणि त्याला कमिटीवर उभं राहायला सांगितलं.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" तो बायकोला म्हणाला. संशय खरा ठरल्याचा इतका आनंद त्याला झाला की त्या भरात तो हो म्हणून बसला.

आता जुन्या वस्तीत जे दार कोणालाच उघडत नाही, ते शंकासुराच्या वाट्याला येतं. तो जिन्यात बसतो आणि आतल्या माणसाचे सगळे प्रश्न निवांत ऐकून घेतो. घाई करत नाही, कारण आत्ता आग लागलेली नसते. काही दारं उघडतात, काही नाही. न उघडणाऱ्यांकडे तो पुन्हा जातो.

मागच्या महिन्यात, त्याच्या जागी पंपावर बसलेला गडी गोदामाच्या आगीत भाजला. कमिटीतर्फे दोघं त्याच्या घरी जाऊन आले आणि सांगितलं, गडी मजेत आहे, हसून बोलला. शंकासुराने ते ऐकलं आणि काठी उचलली.

गडी पलंगावर बसला होता. हाताला पट्ट्या होत्या. "या, या. मी एकदम बरा आहे," तो म्हणाला आणि हसला.

शंकासुराने खुर्ची ओढली, बसला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"मला नाही पटत," तो म्हणाला.

गडी आणखी थोडा वेळ हसत राहिला. मग त्याने मान खाली घातली. त्या घरची माणसं जेवायला बसली, शंकासुराचंही ताट मांडलं गेलं, तरी तो तिथून हलला नव्हता.