नवाचं ॲव्हरेज

गल्लीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. त्यांची लांबलचक गाडी वळवायची तर तीनदा पुढे-मागे करावी लागे, आणि तेवढा वेळ अख्खी गल्ली जहाज धक्क्याला लागायची वाट बघत असल्यासारखी उभी राही. एका कंपनीच्या साहेबांची ही गाडी त्यांनी बावीस वर्षं चालवली. कंपनी बंद झाली तेव्हा साहेबांनी किल्ली त्यांच्याच हातावर ठेवली. लोकांना निरोपाला घड्याळ मिळतं, कॅप्टनना पांढरा हत्ती मिळाला.

पण हत्तीची पाठ रुंद होती. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन फसल्यापासून तिला पंधरा मिनिटांच्या वर बसवत नसे. दर सोमवारी आणि गुरुवारी बेचाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्यायचं ते झोपवूनच, आणि ती आडवी मावे ती फक्त याच गाडीच्या मागच्या सीटवर. मेव्हण्याची गाडी, शेजाऱ्याची गाडी, दोन्ही करून झाल्या होत्या. दोन्ही वेळा ती अर्ध्या वाटेत रडली होती.

पेट्रोल मुलगा भरे. एके दिवशी त्यानं हात टेकले.

"बाबा, लिटरला साडेसहा? ही गाडी आहे का गळका नळ? दोन महिने देतो. नवाचं ॲव्हरेज काढून दाखवा, पुन्हा गाडीचा विषय काढणार नाही. नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो."

"नऊ म्हणजे जरा जास्तच होतात रे."

"मग आठ महिने देऊ? ती तेवढीच पिणार."

कॅप्टन कामाला लागले. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा रोज सकाळी स्वतः तपासली. डिकीतून जॅक सोडून सगळं बाहेर काढलं. त्यात साहेबांची एक गोल्फची काठीही निघाली. एसीचा पट्टा काढून टाकला. वेग पन्नासच्या वर नाही, ब्रेक तर जवळजवळ नाहीच. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि पुढे जाताना खिडकीतून डोकावून आजोबा जिवंत आहेत ना, ते बघत.

हिशेब वहीत. पंप ठरलेला, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. निघताना आणि पोचल्यावर कॅप्टन मीटर वाचून दाखवत आणि बायको मागे आडवी पडून, पोटावर वही ठेवून, पेन्सिलीनं आकडा लिही. कंपनीत साहेबांच्या फेऱ्या अशाच लिहिल्या जात. खाडाखोड करायची नाही, हा बावीस वर्षांचा नेम.

साडेसहाचे सात झाले, सातांचे आठ. आठ पूर्णांक दोनावर गाडी जी अडली ती अडलीच.

"आता मीच तेवढी उरले डिकीतून काढायची," बायको म्हणाली.

"तू डिकीत नाहीस."

"सीट काढली तर तिथेच येईन की."

शेवटचे तीन आठवडे उरले तेव्हा टायरवाल्यानं गुळगुळीत टायर बघून नाक मुरडलं. त्याच्याकडे एका लहान गाडीचे वापरलेले चार पडून होते. "रिम तेच आहे, बसतील. वजनाला हलके, इंजिनाचा जीव वाचेल." कॅप्टननी चारही बसवून घेतले. पुढच्या टाकीला ॲव्हरेज निघालं बरोबर नऊ. त्यांनी तीन वेळा भागाकार केला. त्या दिवशी ते जेवताना दोनदा उगाचच हसले.

गुरुवारी हॉस्पिटलच्या दारात त्यांनी मीटर वाचलं. मागून पेन्सिलीचा आवाज आला आणि थांबला.

"अहो, हॉस्पिटल पुढे सरकलं का?"

"म्हणजे?"

"दीड महिना बेचाळीस लिहितेय. आज सेहेचाळीस येतात. सोमवारीही सेहेचाळीसच आहेत बघा."

कॅप्टन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, आणि मीटर बिचारं फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही. पोरासोरांना कळेल ते बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला कळलं नव्हतं. गाडी आठ पूर्णांक दोनच देत होती.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

कॅप्टननी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"मीटरनं सांगितलं, मी लिहिलं," ती म्हणाली आणि सेहेचाळीस लिहिले.

रविवारी मुलगा आला, वही घेऊन बसला. मोबाइलवर भागाकार केला, पुन्हा केला. "मानलं बाबा तुम्हाला," म्हणून त्यानं गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. कॅप्टनना वाटलं, कौतुकानं काढतोय.

मंगळवारी गिऱ्हाईक दारात. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "शब्द दिला होता, मान्य आहे. पण कालपर्यंत ही भंगार होती. नवाच्या ॲव्हरेजला हौशी माणूस मिळतोय, पुन्हा मिळणार नाही. लहान गाडी घेऊ, पुढची सीट मागे पडते तिची. आई सांभाळून घेईल."

पेट्रोल भरणाऱ्याला अडवायचं कोणत्या तोंडानं? कॅप्टन गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन गेले. "टायर लहान आहेत. मीटर फसवतंय. खरे आठ आहेत, आठ पूर्णांक दोन."

गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. "जीव अडकलाय ना काका? होतं असं. पण एवढी नेमकी वही ठेवणारा माणूस खोटं ॲव्हरेज लिहील का?" गाडीबरोबर त्यानं वहीही मागून घेतली.

जहाज गल्लीतून शेवटचं बाहेर पडलं, तेही तीनदा पुढे-मागे करत.

पुढच्या सोमवारी लहान गाडी अर्ध्या वाटेतच चारदा थांबली. दर वेळी कॅप्टननी रस्त्याच्या कडेला चादर पसरली, बायकोला आडवी केली, आणि ती उठायला तयार होईपर्यंत जाणाऱ्या ट्रकांकडे बघत शेजारी उभे राहिले. चौथ्या वेळी ती डोळे मिटूनच म्हणाली,

"हिचं ॲव्हरेज काय हो?"

"अठरा."

"छान आहे," ती म्हणाली. हॉस्पिटल अजून एकोणीस किलोमीटर होतं.