सुजाताच्या नावाचं रोप

सुजाता गेल्याचं मला आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं, प्रमोदनं कळवलं. मे महिन्यातली दुपार, गावातली कुत्रीसुद्धा नालीत शिरून पडलेली. कूलरसमोर जरा डोळा लागला होता, तेवढ्यात फोन वाजला. "बाई, रामटेके बाई गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलताच येईना. चाळिशीकडे आलेला माणूस, पण लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मी फोन कानाला धरून ऐकत राहिले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो दुःखाचा नव्हता, भीतीचा होता. मनात आलं, आता याला अडवणारं कोणी राहिलं नाही... रडू मला फार नंतर आलं, तिचा चष्मा आठवला तेव्हा.

आरमोरीहून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. तिथल्या शाळेत सुजाता रामटेके आणि मी कितीतरी वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मी इथलीच, धानाच्या शेतीतली. ती चंद्रपूरची, वडील कोळसा खाणीत कामाला, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकं, एवढंच काय ते वैभव. शाळेत आली त्या पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "लायब्ररी कुठी हाये?" मी म्हटलं, "त्या कपाटात हाये, अन् कपाटाची किल्ली हरवली हाये." संध्याकाळी जाऊन बघते तर बाईंनी दगडानं कुलूप फोडलेलं, साडीचा पदर खोचलेला, आणि पोरं तिच्याभोवती धूळ झटकत बसलेली. मुख्याध्यापक बोंबलले. ती म्हणाली, "सर, कुलूप माह्या पगारातून कापा." तेव्हापासून माझी तिच्याशी गट्टी जमली.

तिचा तो धडा पुस्तकात नव्हता. दरवर्षी आठवीच्या पोरांना ती सांगायची, घरातले, रस्त्यावरचे रिकामे पुडे गोळा करून आणा. बिस्किटं, चिप्स, साबण, नूडल्स, जे सापडेल ते. मग वर्गात ते पुडे उलटे करायचे आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. एकेक पोरगं उठून अडखळत इंग्रजी वाचायचं, आणि पाम तेलाचा शब्द आला की सगळा वर्ग ओरडायचा, "पाम!" आधी गंमत म्हणून ओरडायचे. मग एकामागून एक पुड्यावर तोच शब्द निघत गेला की आवाज हळूहळू खाली यायचा. शेवटी वर्ग गप्प व्हायचा. तेव्हा ती चित्रं काढायची... दूर समुद्रापलीकडची, बारमाही पावसाची जंगलं, त्यातली वनमानुषं, मग तीच जंगलं जळताना, आणि मग पामच्या रांगा, क्षितिजापर्यंत नुसत्या रांगा. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, तिथल्या लोकाइले मोहाचे फुलं वेचायले भेटते का?" सुजाता म्हणाली, "त्याइच्या जंगलात त्याइचं काहीतरी असन ना बाई. आता नाई भेटत." त्या पोरीनं डब्यातलं बिस्किट परत झाकून ठेवलेलं मी खिडकीतून पाहिलं.

पोरं आठवडाभर पुड्यांना हात लावायची नाहीत. मुरमुरे, फुटाणे, घरचे लाडू घेऊन यायची. गावातला दुकानदार शाळेत येऊन भांडला, "बाई, माह्यं दुकान बंद पाडता का?" सुजातानं त्याला चहा पाजला आणि वर चार बोल सुनावले. मला तर तिनं जन्मभर छळलं. चहाबरोबर बिस्किट नसलं की मला डोकं दुखायला लागतं. मी पुडा काढला की ती माझ्यासमोरचा पुडा नुसता पालथा करून ठेवायची आणि वह्या तपासत बसायची. "अगं, एका पुड्यानं काय जंगल तुटते?" मी चिडून म्हणायची. "तुह्या एका पुड्यानं नाई तुटत," ती मान वर न करता म्हणायची, "पण सगळेच हेच म्हनते ना."

प्रमोद तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्या धड्याच्या शेवटी ती विचारायची, यातून तुम्हाला काय समजलं? बाकीची पोरं ठरलेली उत्तरं द्यायची, आम्ही विकत घेणार नाही, झाडं लावू. प्रमोद उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, याचा अर्थ हे तेल खपायचं कधीच थांबणार नाई." सुजातानं त्याची पाठ थोपटली. स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाली, "नेमकं दुखणं त्यानंच ओळखलं." आम्हाला दोघींनाही केवढा अभिमान वाटला होता त्या पोराचा!

पुढं आम्ही दोघी निवृत्त झालो, ती चंद्रपूरला लेकीकडे राहायला गेली. प्रमोदनं शेतीचं शिक्षण घेतलं, आरमोरीला कृषी केंद्र काढलं, आणि एके वर्षी त्याच्या दुकानासमोर काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं उभी राहिली. पामची रोपं. सिरोंच्याकडून, नदीपलीकडून आणलेली. तो बांधाबांधावर फिरून लोकांना सांगत सुटला, लागवड करा, फळं तेलाची कंपनी घरून उचलून नेईल. आणि त्याची नजर होती आमच्या मोहाच्या पट्ट्यावर.

हा पट्टा म्हणजे गाव आणि राखीव जंगल यांच्या मधल्या शेतांचे बांध. प्रत्येकाच्या बांधावर आजा-पणजाच्या काळातले मोह. त्यातले काही माझ्या नावावरच्या शेतात आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं पडतात, आम्ही ती पहाटे वेचतो. आमच्या आधी चितळ येऊन खाऊन जातात. चितळांच्या मागं तो असतो, वाघ. पण फुलं तिथंच, म्हणून चितळ तिथंच, म्हणून तोही तिथंच थांबतो. आमची आणि त्याची शीव तीच. पामला सावली चालत नाही. पाम लावायचा तर मोह जायला हवेत.

सुजाताला कळलं तशी ती बस पकडून आली. शुगरनं तिचे पाय सुजले होते, तरी आधी सिरोंच्याला जाऊन नदीपलीकडचे पाम बघून आली होती. माझ्या ओसरीवर बसून तिनं प्रमोदला बोलावून घेतलं. तो आला, दोघींच्या पाया पडला, खाली बसला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती नुसतं म्हणाली, "प्रमोद, तुले काऊन सुचलं रे हे?"

"बाई, तुमीच तं शिकवलं," तो म्हणाला. अगदी मनापासून, डोळ्यांत डोळे घालून. "हे तेल बिस्किटात हाये, साबणात हाये, समद्यात हाये. लोक खायचं सोडणार नाई. मंग इथीच पिकवलं तं तिकडलं जंगल वाचन ना? तुमचंच काम करून राह्यलो मी."

मी सुजाताकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिकडच्या लोकाइलेही कोनीतरी असंच समजावलं असन रे, बाबू." तो हसला. चहा पिऊन, पुन्हा पाया पडून गेला. तो गेल्यावर ती म्हणाली, "खोटं बोलत असता तं बरं झालं असतं. त्याले खरंच वाटते." आणि मग त्या पामबद्दल सांगत बसली. रांगांमध्ये आत शिरले, म्हणाली, तर खाली गवताची काडी नाही. एक पाखरू नाही. स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो आणि परत फिरावंसं वाटतं...

त्या वर्षी पट्ट्याचा पश्चिमेचा तुकडा पामखाली गेला. कोणी पोरीच्या लग्नासाठी दिला, कोणी शेजाऱ्यानं दिला म्हणून दिला. पुढच्या हंगामात तिकडं फुलंच नव्हती, तर चितळ गावाच्या परसात आले, आणि त्यांच्यामागं तोही आला. शाळेच्या हापशीभोवतीच्या चिखलात एका सकाळी पावलं उमटलेली होती. नीट, खोल, घाई नसलेली. वनखात्याची माणसं आली, कॅमेरे लावून गेली. तेव्हापासून आमच्याकडे दिवेलागणीला दारं लागतात. पोरांना शाळेत पोचवायला कोणीतरी काठी घेऊन जातं. लोक आपसात बोलतात, पण पट्ट्याचं नाव घेत नाहीत.

यंदा मोहाच्या हंगामात मी तिला भेटायला चंद्रपूरला गेले. चालत नव्हती, आवाज खोल गेला होता. तरी मला बघून म्हणाली, "बिस्किट खाऊन आली असशीन." मी हो म्हटलं. हसली. मग माझा हात धरला. तिचा हात गरम होता आणि हलका. "तुह्या बांधावरचे तेवढे ठेव," म्हणाली. "तुह्ये गेले की गाव अन् जंगलाच्या मधात काहीच नाई." मी म्हटलं, "माह्या जिवात जीव हाये तोवर कोणी हात लावणार नाई." "मीही असंच म्हनत होती," ती म्हणाली. तीच शेवटची भेट.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांचा निरोप आला, रामटेके बाईंच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, तुम्ही अध्यक्ष. गेले. व्यासपीठावर तिचा मोठा फोटो, हार, वर बॅनर, आणि बॅनरच्या खाली प्रमोदच्या रोपवाटिकेचं नाव. मग प्रमोद बोलायला उभा राहिला. त्यानं पोरांना आदल्या दिवशीच पुडे आणायला सांगितले होते. पोरं एकेक पुडा उलटा करून वाचू लागली, आणि तो तिच्यासारखंच बोट वर करून थांबायचा, अगदी तिच्यासारखं. "पाम!" पोरं ओरडली. पुन्हा, "पाम!" आवाज खाली येतच नव्हता, वाढतच गेला. शेवटी टाळ्या वाजल्या. फोटोतल्या सुजाताकडे मला बघवेना.

एका पोरीनं हात वर केला. "दादा, या झाडाचे फुलं कधी वेचायचे?"

"याचे फुलं वेचावे लागत नाई," प्रमोद प्रेमानं म्हणाला. "तुमाले काहीच करावं लागत नाई."

मग त्यानं एक रोप आणून माझ्या हातात दिलं. काळी पिशवी, तिला बांधलेली पिवळी फीत, फितीवर छापलेलं, 'कालकथित सुजाता रामटेके स्मृतिवृक्ष'. माइकवर माझं नाव घेऊन म्हणाला, "हे पयलं रोप भोयर बाईच्या बांधावर लागन. रविवारी मी सवता येतो." सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मी रोप घेतलं. काय करणार होते? मैत्रिणीच्या नावाचं रोप चारचौघांत नाकारायचं कसं?

नागपूरहून मुलाचा फोन येतो, आई, पामच्या करारावर सही करून टाक, उद्या मोह वेचायला कोण येणार आहे? मी विषय बदलते. रोप अंगणात कोपऱ्यात ठेवलं आहे. मी त्याला पाणी घालत नाही, पण पाऊस घालतो, आणि परवा त्याला नवं पान फुटलं. टोकदार, हिरवंगार. सुजाता, तुझ्या नावाचं आहे म्हणून उपटून टाकता येत नाही, आणि तुझ्या नावाचं आहे म्हणूनच बघवत नाही... प्रमोदला मी वाईट म्हणत नाही. तू गेल्यावर माझ्याइतकाच तोही रडला. मला त्याचीच भीती वाटते.

आज सकाळी मी रोपाची ती पिवळी फीत सोडली आणि बांधावर गेले. सगळ्यात मोठ्या मोहाच्या बुंध्याला ती पुरेना, म्हणून साडीचा काठ फाडून जोडला आणि घट्ट गाठ मारली. नाव बाहेरच्या बाजूला ठेवलं, पायवाटेवरून येणाऱ्याला दिसेल असं. प्रमोद रविवारी येईल तेव्हा आधी त्याला ते नाव तोडावं लागेल. तो तोडेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

आठवडाभर शेजारच्या शेतात झाडं कापायचा कटर चालू होता. दुपारी मी घरी येऊन बसले तेव्हा तो थांबला. वाटलं, जेवायला गेले असतील. संध्याकाळ झाली तरी आवाज नाही, म्हणून दाराशी येऊन पाहिलं. तिथली झाडं संपली होती. आता मधे फक्त आमचा बांध आहे.