उत्तर माझं, तोंड निखिलचं

"थांबा, हिचं पक्कं नसते. निखिल, तू सांग."

वाशीमच्या ऑफिसात साहेब हे दहा जणांदेखत बोलले. मीटिंगमधल्या प्रश्नाचं माझं उत्तर नुकतंच देऊन झालं होतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या निखिलनं माझंच वाक्य उचललं. साहेब म्हणाले, "वा!"

नंतर मी विचारलं, "साहेब, असं काहून?"

ते हसले. "तुमच्या लोकाईले सारं सवलतीत भेटते. तपासून घ्या लागते."

साहेब मोठ्या जमीनदार घरचे. मी आसेगावच्या बौद्ध घरची, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. मी रोज एसटीत उभी राहून ऑफिसला येते. बायकांना असलेली अर्ध्या तिकिटाची सवलत घेते खरी. ती साहेबांच्या बायकोलाही आहे.

मी गिळलं. वर्षभर गिळलं. वरून निखिललाच उत्तरं टाइप करून पाठवू लागले. सांगायची लाज वाटते, पण हेच खरं.

आमचं काम दवाखान्यांचं. क्लाउडवर एक सेवा पेशंटची नोंद करते, दुसरी रिपोर्ट देते. एकीला दुसरीचा पत्ता हवा असला, की तिचं नाव सांगून डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता देणाऱ्या यंत्रणेला, विचारायचं. आलेलं उत्तर वाचताना निखिलचा कोड अडायचा आणि रिपोर्ट अडकायचे. तो कोड मी नव्यानं लिहिला.

आमचं काम तपासणाऱ्या पुण्याच्या मॅडमना कॉलवर निखिल तोच कोड स्वतःचा म्हणून दाखवत होता. मॅडमनी विचारलं, "डीएनएसच्या उत्तरात तेच नाव दुसऱ्यांदा पूर्ण येत नाही, ते आधी कुठं आलं ती जागा दाखवणारी खूण येते. ती कशी ओळखता?"

निखिल टेबलाखाली मोबाइलवर टाइप करू लागला. माझ्या मोबाइलवर मेसेज आला, 'लवकर पाठव ना.'

साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. माझी बोटं सवयीनं मोबाइलकडे गेलीसुद्धा. मग मला माझाच संताप आला. मोबाइल पालथा टाकला. माईक सुरू केला.

"तो कोड माहा आहे. पह्यले दोन्ही बिट, म्हंजे शून्य-एकचे आकडे, एक असले, तं ते अक्षरं नाही, खूण समजाची. मले विचारा, त्याले नाही."

"माईक बंद कर!" साहेब ओरडले.

"नाही करत."

मॅडमचे उरलेले सगळे प्रश्न मी घेतले. आमच्या वऱ्हाडीतच उत्तरं दिली.

कॉल संपला. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"येईन. काढाचं असन तं लेखी द्या. कारणही लिहा."

दुसऱ्या दिवशी वेळेवर जाऊन माझ्या खुर्चीवर बसले. कागद अजून आलेला नाही. आला तर तो घेऊन लढेन. पण माझं उत्तर आता दुसऱ्या कोणाच्या तोंडात घालणार नाही.