नोटिशीतला गाळ

बेलापूरच्या एका कार्यालयात मी आरोग्यपत्रकांचं मराठी तपासतो. त्यामुळे सोसायटीच्या नोटिशी लिहिणं आपोआप माझ्याकडे आलं. टाकीच्या पाण्याचा अहवालही माझ्याच हातात दिला गेला. रोगजंतू आढळले, उकळल्याशिवाय पिऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींच्या फ्लॅटला गिऱ्हाईक येणार होतं. "हे गेटवर लावलं तर घर बघायला वर कोण चढेल? आणि फिल्टर आहेत की सगळ्यांकडे. तुम्ही भाषावाले, जरा सौम्य करा."

मी केलं. वर मीटिंगमध्ये शब्दाचं मूळही सांगितलं. जंतू 'जन्' धातूवरून आला. जन्मलेला कुठलाही जीव म्हणजे जंतू. संस्कृतात माणसालाही जंतू म्हटलेलं आहे. म्हणूनच आजाराचा अर्थ नेमका करायला पुढे 'रोग' जोडावा लागतो.

"म्हणजे आपणही जंतूच!" सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. मग मी लिहिलं, 'पाण्यात थोडा गाळ आहे. टाकी लवकरच साफ होईल.'

गेटवरची मराठी नोटीस नेमाने वाचायच्या त्या जिने झाडणाऱ्या मावशी. दिघ्याहून यायच्या, खालच्या नळावर बाटली भरायच्या. दुसऱ्या दिवशी ती बाटली कठड्यावर उभी दिसली.

"निवळू देते, दादा. तुमीच लिवलंय ना, गाळ हाय म्हनून. बसला खाली की झालं."

'उकळून प्या', दोनच शब्द सांगायचे होते. मी "बरं" म्हणून ऑफिसला निघून गेलो.

तीनेक आठवड्यांनी त्या कामावर यायच्या थांबल्या. टायफॉईड. ताप अंगावर काढला, आतड्याला भोक पडलं आणि त्या गेल्या.

सोसायटीच्या वतीने मी दिघ्याला भेटायला गेलो. त्यांच्या नवऱ्याने मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसला.

"डाक्टर म्हनले, पान्यातनं झालं. आमचा पाईप गटाराजवळनं जातो. बदलून घ्या, बदलून घ्या म्हनून मागं लागली व्हती. म्या आज-उद्या करत ऱ्हायलो." मग त्याने वर पाहिलं. "तुमच्याकडचं पानी तर चांगलं असल ना, साहेब?"

नेमकं कुठल्या पाण्याने झालं, ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. त्याचाच आधार घेऊन मी म्हणालो, "हो, चांगलं आहे."

त्याने मान हलवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अजून मी परत गेलेलो नाही.