रविवारी चादर घेऊन निघणारे कोशकाका

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबूज होती, की कोशकाकांनी नदीपलीकडे दुसरं बिऱ्हाड थाटलंय.

कुजबुजीला पुरावा लागतो आणि तो पुरवायला समोरची शिंपीण समर्थ होती. तिचं शिवणयंत्र खिडकीतच होतं. पाय यंत्रावर, डोळे गल्लीवर. दर रविवारी जेवण उरकलं की काका काखेत जुनी चादर मारून निघत आणि उन्हं कलली की परतत. कोपरांना माती, सदऱ्याला कुसळं आणि चेहऱ्यावर समाधान.

"मी कुणाचं नाव घेत नाही हो भाऊजी," ती मला म्हणाली, "पण चादर घेऊन माणूस काय सभेला जातो?"

"सभेत सतरंज्या कमी पडत असतील."

"तुम्ही सगळे पुरुष एकाच माळेचे मणी!"

आता खरं सांगायचं तर काकांना बघून कुणालाही हसूच आलं असतं. ढगळ पँट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि स्वतःच्या बायकोशी बोलायच्या आधीसुद्धा घसा खाकरून परवानगी मागणार. हा माणूस परक्या बाईशी काय बोलणार? पण गल्लीचं म्हणणं असं की असलेच आतल्या गाठीचे असतात.

काका समानार्थी शब्दांच्या कोशात नोकरीला होते. छापखान्याच्या वर दोन खोल्या. खाली यंत्रांची धडधड, वर डिंकाचा वास, भिंतभर लाकडी खण आणि खणांत शब्दांच्या चिठ्ठ्या. त्या कचेरीचा नियम एकच, पण भलता कडक. जुन्या कोशातून काही उचलायचं नाही. वस्तू आपल्या डोळ्यांनी बघायची, वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचं आणि मगच चिठ्ठी लिहायची. दागिन्यांचे शब्द ज्याच्या वाट्याला आले तो सराफाच्या दुकानात पंख्याखाली बसून राहिला. काकांच्या वाट्याला आलं बीळ! म्हणजे जनावरांच्या राहायच्या जागा आणि जमिनीला भोक पाडण्याची झाडून सगळी क्रियापदं.

जिन्यात गाठ पडली की मला धडाच मिळे.

"मुंग्यांचं वारूळ, पोपटाची ढोली, कोंबड्यांचं खुराडं, वाघाची गुहा. ह्या जागा एकमेकांना देता येत नाहीत. वाघाला खुराड्यात घातलंत तर लोक हसतील."

"कोंबड्या नाही हसणार," मी म्हटलं.

"क्रियापदं तर त्याहून नाठाळ. माणूस खणतो, कोंबडी उकरते, सुतार कोरतो, वाळवी पोखरते."

"आणि आमची शिंपीण?"

काकांनी गंभीरपणे विचार केला. "त्या उकरून काढतात. पण त्यात हाताला माती लागत नाही."

काकू पडदे शिवायला टाकायला म्हणून शिंपिणीकडे गेल्या आणि तिथे त्यांना ती कुजबूज ऐकायला मिळाली. घरी येऊन त्यांनी भांडी आपटली नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही. आमच्या हिच्यापाशी मात्र बोलल्या.

"सरळ विचारा ना त्यांना," ही म्हणाली.

"विचारल्यावर कुणीही सांगेल. मला न विचारता सांगावं. सांगितलं तर माझी काही तक्रार नाही. नाहीतर मी लेकीकडे जाते, कायमची."

हिने हे पोटात ठेवलं. आयुष्यात एकदाच ठेवलं, आणि तेही नको तेव्हा.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे शिडी परत करायला गेलो होतो. काका चादरीची घडी घालत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी शिडी टेकवली तोच त्या म्हणाल्या, "आजही निघालात?"

"हो, जरा... जाऊन येतो."

"घर म्हणजे काय बीळ आहे का हो? संध्याकाळी शिरायचं, सकाळी निघायचं!"

काका जागीच थबकले. मला वाटलं, आता बोलतील. बसतील, चादर खाली ठेवतील. त्यांचा चेहरा इतका उजळला की मीसुद्धा आशेने बघत राहिलो.

"थांब थांब. पुन्हा म्हण ते." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "शिरायचं म्हणालीस, की घुसायचं?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "शिरायचं."

काकांनी चिठ्ठी लिहिली, चादर उचलली आणि निघाले. संध्याकाळी परतले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली आमच्याकडे.

मी म्हटलं, "अहो, जा, घेऊन या त्यांना." ही म्हणाली, शिंपीणसुद्धा म्हणाली, खिडकीतून का होईना, पण म्हणाली. काकांचं एकच. "कोश छापून होऊ दे. तो तिच्या हातात दिला की सगळं आपोआप कळेल. तोंडी सांगायला मला जमत नाही." कोशांची कामं कधी वेळेवर झालीत? खालच्या छापखान्यात लग्नपत्रिका आधी छापायच्या, कोश नंतर. काका तेवढे दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायले आणि रविवारी चादर घेऊन बाहेर पडत राहिले.

शेवटी कोश निघाला. काका इस्त्रीची पँट घालून लेकीकडे गेले. पुढचं मला लेकीनेच सांगितलं. त्यांनी पाणीही न पिता पान उघडून काकूंपुढे धरलं. 'बीळ'खाली काकूंचं वाक्य जसंच्या तसं छापलेलं.

काकूंनी ते वाचलं. "म्हणजे तुम्ही ऐकलं होतं तर."

"ऐकलं म्हणून तर लिहिलं!"

"लिहिलंत. उत्तर नाही दिलंत."

काकांनी घसा खाकरला. मग चाचरत, अडखळत, रविवारचं सगळं सांगितलं. काकूंनी मधे एकदाही तोडलं नाही. खोटं वाटलं असंही नाही.

"हे त्या दिवशी सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "आता राहू द्या. मला इथली सवय झालीय."

लेकीने जेवून जा म्हटलं, तर जेवले. जावई गाडीपर्यंत सोडायला आले. काकू दारापर्यंत आल्या, पायऱ्या उतरल्या नाहीत. पुढे काका एकटेच राहिले आणि एकटेच गेले.

नदीपलीकडे बाई नव्हती. वीटभट्टीमागच्या बांधात घुशीचं बीळ होतं. घूस माती उकरते की पोखरते हे ठरवायला काका चादर अंथरून, पालथे पडून, ती बाहेर यायची वाट बघत.