माझ्या खांद्याची किळस

सोलापूरच्या समस्त नागरिकांनी शांत चित्ताने ऐकावी अशी एक गंभीर घोषणा: माझ्या उजव्या खांद्याने चार महिने संप पुकारला होता आणि माझा अंबाडा माझे यजमान बांधत होते. बैलाच्या दाव्याला मारावी तशी गाठ मारून!

हात कानापर्यंत जाऊन थांबे. आपले केस आपल्याला बांधता यावेत, एवढ्याच मागणीसाठी एप्रिलच्या भाजत्या दुपारी मी सात रस्ता चौकातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पोचले. पण खांद्यावरचा घरगुती लेप आठवडाभर धुवायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. करडईच्या तेलात लसूण कढवून वर आंबेहळद थापलेला तो थर मी तसाच घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी स्पिरिटचा बोळा फिरवला. पहिला पिवळा निघाला, दुसरा तपकिरी, तिसऱ्याच्या रंगाला अजून कुणी नाव दिलेलं नाही. त्या थंड, स्वच्छ खोलीत असा आंबूस, घामट दर्प पसरला की मला माझ्याच देहाची शिसारी आली.

"काकू, हे लोणचं कुणी घातलंय?" मॅडमनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

मग दुखऱ्या स्नायूत नुसत्याच टोचायच्या सुया. केसासारख्या बारीक, फारशा दुखल्या नाहीत, पण एक आत जाताच खांद्यातला स्नायू माझी परवानगी न घेता मासळीसारखा उडाला. आपल्याच कातडीखाली इतकी वर्षं एक ओलसर, अनोळखी जनावर मुक्कामाला आहे, हे कळणं फार ओंगळ असतं. "सुयांनी दुखणं हलकं होईल, हात मात्र व्यायामानंच चढेल," असं मॅडम दर खेपेला बजावत आणि सुया काढून भिंतीवर बोटं चढवायला लावत.

नवव्या खेपेला बोटं मुंगीच्या गतीने, कण्हत, खिडकीतल्या पांढऱ्या उन्हापर्यंत चढली. मग हात कान ओलांडून मानेमागे गेला आणि घामाने ओशटलेल्या केसांना लागला. तो ओशटपणा किळसवाणाच होता, तरी बोटं तिथून काढवेनात. शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडचे एक मेंढपाळ आजोबा गुडघे धरून पडद्याच्या फटीतून हे सारं पाहत होते. ट्रेमध्ये काढून ठेवलेल्या, माझ्या रक्ताचे ठिपके लागलेल्या सुया मॅडम डब्यात टाकणार, तोच ते ओरडले,

"ओ बाई, टाकू नगा त्या! गुण आलेल्या सुया हायत, त्याच घाला की माझ्या गुडघ्यात!"