एकशे बहात्तर मणी

शिवलीलाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि ते तिथे असायला नको होतं, एवढीच खरं तर गोष्ट.

विमानं जिथे उभी राहतात त्या काँक्रीटच्या पटांगणाला तिथली माणसं रॅम्प म्हणतात. रॅम्पवर अंगावर सुटं काही घालून जायचं नाही, असा नियम आहे. अंगठी नाही, बांगडी नाही, गळ्यात तर काहीच नाही. चालू इंजिन समोर पडलेलं ओढून घेतं आणि एवढासा स्क्रूसुद्धा आतली पाती बिघडवतो. शिवलीलाला हे तोंडपाठ होतं. चार वर्षं ती विमानाच्या चाकांना चॉक लावत होती, म्हणजे रबराचे जाड ठोकळे, दोन-दोन दोरीने जोडलेले. विमान आलं की लावायचे, निघालं की काढायचे. नवऱ्याच्या टॅक्सीपेक्षा आपलं काम मोठं आहे असं तिला वाटे, आणि ती ते बोलूनही दाखवी.

पण हेब्बाळच्या दोन खोल्यांत सासूचं राज्य होतं. सत्यवतीबाई निपाणीकडच्या. मुलाचं, मंजुनाथचं, आयुष्य सुनेच्या गळ्यात बांधलेलं आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दिवसभर बेंगळुरूच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याच्या आईला दुसरा आधार तरी कोणता असणार? शिवलीलाने वाद घालून पाहिला, मग नाद सोडला आणि मंगळसूत्र शर्टाच्या आत लपवायला लागली. दोन्हीकडे खरं न बोलता दिवस बरे जात होते.

दोन महिन्यांपूर्वी सुपरवायझर हयवदन यांना ते दिसलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला, त्यावर लिहिलं होतं की पुन्हा आढळल्यास रॅम्पचा पास जमा करावा लागेल. शिवलीलाने सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलरचं बटण लावायला लागली.

त्या दिवशी सकाळी अकराला एक विमान निघायच्या तयारीत होतं. मागे ढकलणारा ट्रॅक्टर जोडून झाला होता. शिवलीलाने वाकून चॉक ओढले आणि सवयीप्रमाणे दोरी खांद्यावर टाकली. वाकताना माळ कॉलरमधून बाहेर आली होती. ती दोरीच्या गाठीत अडकली आणि हिसक्यासरशी तुटली.

कुणीही पाहिलं नाही. मणी तिच्या पायांशी विखुरले, काही घरंगळत चाकाखाली गेले. विमान मागे सरकताच इंजिन सुरू होणार होतं, आणि याच जागी पुढचं विमान चालू इंजिनानिशी येणार होतं. बुटाने चार-सहा मणी बाजूला सारून, वाट्या खिशात घालून तिला गप्प बसता आलं असतं. तेवढा विचार तिने केला, खोटं कशाला सांगा. मग चॉक टाकून ती ट्रॅक्टरसमोर गेली आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करून एकमेकांवर आडवे धरले. थांबा, अशी ती खूण.

हयवदन धावत आले. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे.

"सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "किती मणी होते?"

तिला माहीत नव्हतं. कोणत्या बाईला माहीत असतं? पण किती गेले हे कळल्याशिवाय सगळे सापडले असं म्हणणार कसं? हयवदन यांनी ड्यूटीचा फोन तिच्या हातात दिला आणि तिने घरी सासूला लावला.

"आत्या, मी शिवलीला."

"मंजूला काय झालं?"

"काही नाही झालं. मंगळसूत्र वाढलंय. रॅम्पवर. त्यात मणी किती ओवले होते तुम्ही?"

 विमानाच्या खिडकीत एक माणूस घड्याळ बघत होता.

"एकशे बहात्तर काळे," सत्यवतीबाई म्हणाल्या. "दोन वाट्या. मधी चार सोन्याचे. काय गं, विमान थांबलंय काय त्याच्यापायी?"

"हो."

"मग बोलत काय बसलीस? शोध जा."

सात माणसं काँक्रीटवर गुडघे टेकून रांगली. वाट्या मिळाल्या, सोन्याचे मणी मिळाले. काळे एकशे एकाहत्तर भरले आणि तिथेच अडलं. शेवटी शिवलीलाने सगळ्यांसमोर खाली बसून बूट काढले. शेवटचा मणी डाव्या बुटात होता. विमान सव्वीस मिनिटं उशिरा गेलं.

हयवदन यांनी अहवालात लिहिलं की विमान तिने स्वतः थांबवलं. पास तरीही जमा झाला, कारण सही तिचीच होती. दोन महिने तिने आतल्या पट्ट्यावर बॅगा लावल्या आणि विमानांचा नुसता आवाज ऐकला. फार वाईट गेले ते दिवस.  सासूने चष्मा लावून माळ पुन्हा ओवली आणि सुनेच्या गळ्यात घातली.

पास परत मिळाला त्या सकाळी शिवलीला डबा घेऊन निघाली, तर सत्यवतीबाई दारात हात पसरून उभ्या.

"काढ ते."

"आत्या?"

"दे म्हणते ना."

संध्याकाळी ती परतली तेव्हा मंजुनाथची गाडी अजून आली नव्हती. सत्यवतीबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. सुनेला पाहून त्यांनी पदराची गाठ सोडली आणि माळ तिच्या हातावर ठेवली.

"मोजून घे," त्या म्हणाल्या. "मी दिवसात तीनदा मोजलेत."